नमाजाची वेळ सांगायला घराचा पत्ता कशाला?

रमजानचा चंद्र दिसण्याआधीच मशिदीच्या भिंतीवर, किराणा दुकानाच्या काउंटरवर, रिक्षाच्या पुढच्या काचेमागे एक छापील कागद दिसू लागतो. एका रकान्यात सहरीची शेवटची वेळ, दुसऱ्यात इफ्तारची. खाली कुणा कापडवाल्याची, बेकरीवाल्याची किंवा इच्छुक उमेदवाराची जाहिरात. सहरी म्हणजे पहाटे रोजा सुरू होण्यापूर्वीचे खाणे आणि इफ्तार म्हणजे सूर्य मावळताच रोजा सोडणे, हे आता शेजारपाजारच्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती घरांना समजावून सांगावे लागत नाही. काही ठिकाणी हा कागद शेजाऱ्यांच्या फ्रीजवरही लावलेला असतो, कारण फळांचे ताट वेळेवर पोहोचवायचे असते.

कागद अजून भिंतीवर आहे, पण नजर मोबाइलकडे जाते. फोनमधले ॲप पहाटे उठवते, पाचही नमाजांच्या वेळी अजान ऐकवते, किब्ला म्हणजे मक्केतील काबागृहाची दिशा बाण फिरवून दाखवते. महामार्गावरच्या ट्रकचालकाला, होस्टेलवर राहणाऱ्या मुलीला, रात्रपाळीच्या परिचारिकेला त्याचा खरा उपयोग आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. फक्त हे ॲप पहिल्यांदा उघडले की एक प्रश्न विचारते, तुमचे लोकेशन वापरू का? इफ्तारला दोन मिनिटे उरलेली असतात. बोट ‘हो’वर पडते.

त्या ‘हो’चे पुढे काय होऊ शकते, हे जगाला नोव्हेंबर २०२० मध्ये कळले. अमेरिकेतील ‘व्हाइस’ या माध्यमसमूहाच्या ‘मदरबोर्ड’ने एक शोधवृत्त दिले. ‘मुस्लिम प्रो’ हे नमाजाच्या वेळा सांगणारे, जगभरात ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झालेले ॲप आपल्या वापरकर्त्यांचे ठिकाण ‘एक्स-मोड’ नावाच्या अमेरिकी कंपनीला पाठवत होते. केवळ ठिकाण नव्हे, तर फोन कोणत्या वायफायला जोडलेला आहे त्याचे नाव, नेमकी वेळ आणि फोनचे मॉडेलही. एक्स-मोड हा माल पुढे विकत होती आणि तिच्या गिऱ्हाइकांमध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कामे घेणारे ठेकेदार होते. त्याच वृत्तात दुसरी बाबही होती. अमेरिकी लष्कराच्या विशेष मोहिमा चालवणाऱ्या कमांडने ‘लोकेट एक्स’ नावाचे, फोनची ठिकाणे दाखवणारे सॉफ्टवेअर ‘बेबल स्ट्रीट’ या कंपनीकडून विकत घेतले होते. कमांडच्या प्रवक्त्याने ही खरेदी मान्य केली आणि परदेशातील मोहिमांसाठी ती असल्याचे सांगितले.

हे दोन वेगळे प्रवाह आहेत आणि ते वेगळेच ठेवले पाहिजेत. तेव्हाच्या गदारोळात ‘नमाजाच्या ॲपवरून ड्रोन सोडले’ असे संदेश फिरले. तसे त्या वृत्तात म्हटलेले नव्हते. सिद्ध झाले ते एवढेच, की भक्तीसाठी दिलेली माहिती बाजारात गेली आणि त्या बाजारातले एक मोठे गिऱ्हाईक लष्कर होते. तेवढेही कमी नाही. मुस्लिम प्रोने लष्कराला माहिती विकल्याचा आरोप फेटाळला, पण एक्स-मोडसह अशा सर्व भागीदारांशी संबंध तोडत असल्याचे जाहीर केले. डिसेंबर २०२० मध्ये ॲपल आणि गूगल यांनी एक्स-मोडचे सॉफ्टवेअर ॲपमधून काढण्यास निर्मात्यांना बजावले. जानेवारी २०२१ मध्ये ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या नमाजाच्या ॲपचे नाव आले. तेथे माल घेणारी कंपनी फ्रान्समधली होती, ‘प्रेडिसिओ’.

जाता जाता एक गंमत. एक्स-मोडचा जन्म ‘ड्रंक मोड’ नावाच्या ॲपमधून झाला होता. दारूच्या नशेत कॉलेजच्या मुलांनी नको त्यांना फोन लावू नयेत, म्हणून ते काढले होते. दारूड्यांना सावरायला निघालेली कंपनी सहा-सात वर्षांत नमाज्यांच्या खिशात येऊन बसली.

हा धंदा चालतो कसा? ॲप फुकट असते, पण ते बनवणाऱ्याला पैसा लागतो. ठिकाण गोळा करणारी कंपनी त्याला सॉफ्टवेअरचा एक तयार तुकडा देते. तो ॲपमध्ये घातला की वापरकर्त्यांच्या संख्येनुसार पैसे मिळतात. वापरकर्ता परवानगी देतो नमाजाच्या ॲपला, पण त्या परवानगीच्या दारातून आत शिरतो तो हा तुकडा. एक्स-मोडच्या प्रमुखानेच २०२० मध्ये सांगितले होते, की कंपनी दर महिन्याला अमेरिकेत अडीच कोटी आणि बाहेर चार कोटी उपकरणांचा माग ठेवते.

दुसरी वाट याहून अवघड आहे, कारण तिच्यात ॲप बनवणाऱ्यालाही पत्ता नसतो. फोनवर जाहिरातीची रिकामी जागा दिसायच्या आधी, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात, तिचा लिलाव होतो. जागा कोणाला दाखवायची हे ठरवता यावे म्हणून बोली लावणाऱ्यांना फोनचा जाहिरात-क्रमांक आणि अनेकदा ठिकाणही कळवले जाते. बोली एकच जिंकतो, माहिती मात्र सगळ्यांना मिळते. बाजारात भाजीचा भाव विचारून पुढे जाणाऱ्याने भाजीवालीच्या घरचा पत्ता टिपून घ्यावा, तसे हे आहे. जानेवारी २०२५ मध्ये ‘ग्रेव्ही ॲनालिटिक्स’ या ठिकाणांचा व्यापार करणाऱ्या कंपनीवर सायबर हल्ला झाला आणि तिच्याकडचा नमुना उघड्यावर आला. त्यात हजारो ॲपची नावे होती. नमाजाची ॲप होती, बायबलची होती, मासिक पाळी आणि गरोदरपणाची नोंद ठेवणारी होती, ‘कँडी क्रश’सारखा खेळही होता. म्हणजे हा प्रश्न टोपी घालणाऱ्यांचा आहे आणि कँडी फोडणाऱ्यांचाही.

आता मूळ मुद्द्याकडे. नमाजाच्या वेळा सांगायला ॲपला ठिकाण लागते, ही गोष्ट खरी. वेळा सूर्यावर अवलंबून आहेत आणि सूर्य नागपुरात आधी मावळतो, मुंबईत नंतर. पण किती ठिकाण लागते, याचा हिशेब शाळेतल्या भूगोलाचा आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. महाराष्ट्राच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश म्हणजे जवळपास १०५ किलोमीटर. भागाकार केला तर पूर्वेला किंवा पश्चिमेला सुमारे २६ किलोमीटर गेल्यावर इफ्तारची वेळ एका मिनिटाने बदलते. मुंबई आणि नागपूर यांच्यात सहा अंशांहून थोडे अधिक अंतर आहे, म्हणून तेथील इफ्तारमध्ये साधारण पंचवीस मिनिटांचा फरक पडतो. ऋतूनुसार आणि उत्तर-दक्षिण अंतरामुळे थोडे इकडेतिकडे होते, इतकेच.

छापील वेळापत्रकात खबरदारी म्हणून, ज्याला उर्दूत ‘एहतियात’ म्हणतात, एक-दोन मिनिटे राखून ठेवण्याची रीत आहे. त्या दोन मिनिटांत अख्खा तालुका बसतो. किब्ल्याचे तर त्याहून सोपे. मुंबईतून काबागृहाची दिशा पश्चिमेच्या जवळपास दहा अंश उत्तरेला येते, नागपुरातून सुमारे आठ अंश. या दोन शहरांत दोन-तीन अंशांचाच फरक, तोही जाणवणार नाही असा. आणि बाण फिरतो तो फोनमधल्या होकायंत्रावर. त्याला उपग्रह लागत नाही.

थोडक्यात, कामासाठी हवे आहे शहराचे नाव. घेतले जाते ते चार-पाच मीटरपर्यंतचे नेमके ठिकाण, तेही दिवसात अनेकदा. सव्वीस किलोमीटर आणि पाच मीटर यांच्यामध्ये जे आहे ते नमाजासाठी नाही. त्यात घर आहे, नोकरीची जागा आहे, दवाखाना आहे, वकिलाचे ऑफिस आहे. हा वरचा भागच विकला जातो.

‘त्यात नाव थोडेच असते?’ असे या कंपन्या म्हणतात. नाव नसते, हे खरे. पण रात्री दोन वाजता जो फोन रोज एकाच इमारतीत असतो आणि सकाळी दहा वाजता एकाच ऑफिसात, त्याचे नाव शोधायला कोतवाल लागत नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या १५ महिन्यांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. ठिकाण आणि वेळ यांचे केवळ चार बिंदू मिळाले, तर ९५ टक्के लोक त्या गर्दीतून एकटे वेगळे काढता येतात, असे दिसले. रमजानमध्ये तर हे अधिकच सोपे व्हावे. महिनाभर रात्री तरावीहच्या नमाजाला एकाच मशिदीत थांबणारा फोन. अखेरच्या दहा दिवसांत एतिकाफला, म्हणजे मशिदीतच मुक्काम करून इबादत करायला, बसलेल्याचा तेथून न हलणारा फोन. शिवाय ॲपमध्ये असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची पद्धत निवडावी लागते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, घाटावरचे बहुतांशी हनफी. वेळ थोडी वेगळी असते, म्हणून प्रश्न रास्तच आहे, पण उत्तरातून ॲपला पंथही कळतो. आळंदी ते पंढरपूर वाट चालणाऱ्या वारकऱ्याचा फोनही मुक्कामामुक्कामाला हीच कथा सांगेल, आणि सूर्योदय पाहून तिथी दाखवणारे पंचांगाचे ॲपही ठिकाण मागतेच.

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काही नाही’ असे म्हणणारे प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक वाड्यात भेटतात. त्यांच्यासाठी दोन दाखले. जुलै २०२१ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशप परिषदेच्या सरचिटणीसांना पद सोडावे लागले. एका कॅथलिक वृत्तमाध्यमाने बाजारात मिळणारी ॲपची ठिकाणे घेऊन त्यातून त्यांचा फोन वेगळा काढला आणि त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल छापले होते. त्यांच्या वागण्याविषयी ज्याला जे मत बनवायचे ते बनवावे. पण येथे सरकार नव्हते, पोलीस नव्हते, न्यायालयाचा हुकूम नव्हता. पाळत ठेवणारे त्याच धर्माचे होते. दुसरा दाखला एक्स-मोडचाच. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२४ मध्ये या कंपनीवर, तोवर तिचे नाव ‘आउटलॉजिक’ झाले होते, संवेदनशील ठिकाणांची माहिती विकण्यास बंदी घातली. अशा प्रकारची ती पहिलीच बंदी. तक्रारीत एक तपशील होता. ओहायो राज्यातील कोलंबस परिसरात हृदयरोग, ग्रंथीविकार आणि पोटविकार यांच्या दवाखान्यांत जाऊन नंतर औषध दुकानात गेलेल्या लोकांची यादी एका कंपनीसाठी बनवून देण्यात आली होती. मधुमेहात किंवा हृदयविकारात लपवण्यासारखे काय आहे? काहीच नाही. तरीही आपल्या आजाराची यादी आपल्याला न विचारता कोणी बनवावी, हे कोणाला आवडेल?

लष्कराला या माहितीची किंमत दुसऱ्या बाजूनेही ठाऊक होती. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या व्यायामाच्या ॲपने काढलेल्या जगाच्या नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातील अमेरिकी तळ उजळून दिसत असल्याचे ऑस्ट्रेलियातील एका विद्यार्थ्याच्या लक्षात आले. सैनिक तळाच्या कडेकडेने धावत होते आणि मनगटावरचे घड्याळ रेघ ओढत होते. त्या ऑगस्टमध्ये पेंटागॉनने मोहिमेवरील सैनिकांना ठिकाण सांगणारी साधने वापरण्यास मनाई केली. आपल्या सैनिकाचे ठिकाण ही सुरक्षेची बाब आणि दुसऱ्याच्या नमाज्याचे ठिकाण ही बाजारातली वस्तू, असा हा न्याय.

कायद्याची पळवाटही याच बाजारातून जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये कार्पेंटर खटल्यात निकाल दिला, की मोबाइल कंपनीकडून एखाद्याच्या हालचालींच्या जुन्या नोंदी घ्यायच्या तर पोलिसांना न्यायाधीशाचे वॉरंट हवे. सरकारी यंत्रणांनी त्यावर युक्तिवाद काढला, की आम्ही मागत नाही, विकत घेतो. संरक्षण गुप्तचर संस्थेने ही भूमिका २०२१ मध्ये एका सिनेटरला लेखी कळवली. ही वाट बंद करणारे विधेयक एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झाले आणि सिनेटमध्ये अडले. जे दारातून मिळत नाही ते दुकानातून मिळते, हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत गंभीर भाग आहे, आणि तो कोणत्याही देशात घडू शकतो.

इस्लामी नीतिशास्त्राला हा विषय नवा नाही. कुरआनच्या ‘हुजुरात’ या सूरहच्या बाराव्या आयतीत संशय, चहाडी यांच्याबरोबर दुसऱ्यावर पाळत ठेवण्यालाही मनाई आहे. ‘नूर’ या सूरहमध्ये दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय, सलाम केल्याशिवाय शिरू नये, आणि घरच्यांनी परत जायला सांगितले तर परतावे, अशी शिकवण आहे. ॲप मात्र नकार मिळाल्यावर परतत नाही. ते उद्या पुन्हा विचारते, परवा पुन्हा. रोजा ही सर्वांत अदृश्य इबादत मानली जाते, कारण तो ठेवला आहे की नाही हे पाहणाऱ्याला कळत नाही. त्याच महिन्यातली ये-जा कोणत्या तरी परक्या सर्व्हरवर मीटरच्या मापाने नोंदली जावी, हा विरोधाभास अनेक रोजेदारांना बोचला आणि २०२० मध्ये कितीतरी जणांनी ते ॲप काढून टाकले. बोचणे स्वाभाविक होते. ॲप काढून तसेच दुसरे घेणे मात्र आगीतून फुफाट्यात जाण्यासारखे. दोनच महिन्यांत ‘सलात फर्स्ट’चे नाव आले, त्यावरून ते दिसले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. ठिकाणाबद्दल थेट बोलणारा निकाल ८ जुलै २०२४ चा आहे. अमली पदार्थांच्या एका खटल्यात जामीन देताना आरोपीने गूगल मॅपवर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला दिसेल असे ठेवावे, अशी अट घातली गेली होती. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने ती रद्द केली. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर सतत नजर ठेवू देणारी अट घटनेच्या २१व्या कलमाशी विसंगत ठरते, असे न्यायालयाने म्हटले. न्यायमूर्ती ओक ठाण्याचे, मुंबई उच्च न्यायालयातून पुढे गेलेले. गंभीर गुन्ह्यातील आरोपीला जे संरक्षण मिळाले, ते इफ्तारची वेळ पाहणाऱ्या निरपराध माणसाला बाजारापासून मिळू नये, हे विचित्रच.

२०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात यावर उपयोगी पडेल असे कलम आहे, सहावे. संमती ही सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मानली जाईल, असे ते सांगते. कायद्यात उदाहरणही दिले आहे. वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने फोनमधल्या संपर्कांची यादी मागितली आणि रुग्णाने ‘हो’ म्हटले, तरी त्या कामाला यादीची गरज नसल्याने संमती तेथवर पोहोचत नाही. नमाजाच्या ॲपला हेच माप लावले तर शहरापलीकडच्या ठिकाणाला दिलेली संमती टिकू नये. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण कायद्याच्या दोन बाजू दुबळ्या आहेत. आधीच्या मसुद्यांत धर्म, आरोग्य यांसारखी माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती, अंतिम कायद्यात तो वेगळा वर्ग राहिला नाही. आणि १७व्या कलमानुसार केंद्र सरकार सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून या कायद्यातून मोकळे ठेवू शकते. अमेरिकेतले गिऱ्हाईक कोण होते हे आठवले, की या सवलतीचे वजन कळते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू व्हायची आहेत.

तोवर फोन आपलाच आहे. सेटिंगमध्ये त्या ॲपची लोकेशनची परवानगी पूर्ण बंद करता येते, आणि बहुतेक नमाजाच्या ॲपमध्ये शहर हाताने निवडण्याची सोय असते. परवानगी द्यायचीच असेल तर ‘ॲप वापरताना’ एवढीच द्यावी. आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून नेमके ठिकाण बंद करून ढोबळ ठिकाण देण्याचा पर्याय आहे. सूर्याला तेवढे पुरते. अँड्रॉइडमध्ये जाहिरात-क्रमांक पुसून टाकता येतो आणि आयफोनमध्ये ॲपना माग काढण्याची परवानगी नाकारता येते. घरातल्या मोठ्यांच्या फोनवर हे बदल मुलांनी करून द्यावेत. पाच मिनिटांचे काम आहे, तरावीहला निघण्याआधी होईल.

शहर हाताने टाकले, की प्रवासात ते बदलायचेही आपणच. नाशिकची वेळ लावून नागपुरात इफ्तारला बसलेल्याला साधारण वीस मिनिटे उशीर होईल आणि तोवर बाकीच्यांचे खजूर संपलेले असतील. नागपूरची वेळ लावलेला फोन घेऊन नाशिकला आलेल्याचा रोजा मात्र सूर्य वर असतानाच सुटेल. म्हणून अशा वेळी स्टेशनवर उतरल्यावर जवळच्या दुकानातल्या काउंटरवरचा तो छापील कागद एकदा पाहून घ्यावा.